पुरा धवला

१ मार्च १९५९, रविवार

ही वही कोणी चोरून वाचलीच तर त्याच्या डोळ्यांत मीठ जावो.

सातवी पास झाले तेव्हा गुरुजींनी ती बक्षीस दिली होती. तीन वर्षं आयने तिच्यावर लोणच्याची बरणी ठेवली, म्हणून पुठ्ठ्यावर गोल तेलकट डाग पडलाय. आज बरणी उचलली आणि वही ओढून घेतली, कारण जीव नुसता तळमळतोय आणि सांगायचं कुणाला?

माझं लग्न ठरलंय. अक्षय तृतीयेला, १० मेला. मुलगा दिनानाथ, नामा मुकादमाचा. आमच्या मिठागरावर बाबा, आय आणि मी, तिघंही याच नामाच्या हाताखाली मीठ ओढतो. सगळी खारवाडी म्हणते, ठमीनं नशीब काढलं. काढलं असेल बाई! मुकादमाची सून पाटी डोक्यावर घेत नाही, बांधावर उभी राहून दुसऱ्यांच्या पाट्या बघते. मी आठ वर्षांची असल्यापासून पाटी उचलतेय. मग मला आनंद व्हायला नको?

होवो न होवो, रात्री झोप लागत नाही एवढं खरं.

९ मार्च, सोमवार

आज मार खाता खाता वाचले. दुपारच्या सुट्टीत बायकांना नामाची नक्कल करून दाखवली. पोट पुढे, छत्री काखेत, आणि “ए सोनाबाय, मीठ वलतेस का मिठाला वलन लावतेस?” बायका हसून हसून बांधावर बसल्या. वळून बघते तर नामा मागे उभा. त्यानं फक्त बाबांकडे बघितलं. घरी आल्यावर बाबा म्हणाले, “सासऱ्याची नक्कल करतेस? लाज हाय का गो तुना?”

ही खोड लहानपणापासूनची. शाळेत गुरुजींची करायचे, घाटावरून आलेल्या मिठाच्या व्यापाऱ्याची करायचे. माणूस बघितला की तो माझ्या अंगात शिरतो, मी काय करू? राहीआत्या तेवढी रागावत नाही. ती म्हणते, “नक्कल कराची त पुरी कर. छत्री डाव्या काखेत धरतं तो.”

राहीआत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण. नवऱ्यानं दुसरी केली तेव्हा माघारी आली ती कायमची. पंचक्रोशीत तिला मान आहे, कारण ती धवलारीण. आम्हां आगऱ्यांचं लग्न हळदीपासून अक्षतांपर्यंत धवलारणीच्या गाण्यावर चालतं. भटजी नसला तर एक वेळ चालेल, धवलारीण नसेल तर नवरी मांडवाबाहेर पाऊल टाकत नाही. आत्याला मूल नाही, म्हणून बारा वर्षांची झाल्यापासून ती मला मागे बसवून धवले, म्हणजे ही लग्नाची गाणी, शिकवतेय.

१४ मार्च, शनिवार

आत्याचं शिकवणं म्हणजे जाच. भर उन्हात मिठाच्या कोंडीतल्या पाण्यात घोटाभर उभं करते आणि गा म्हणते. खारं पाणी पायाच्या भेगांत शिरतं, अंग शहारतं, सूर हलला की ती समोरून ओरडते, “पाय रडतान त रडू दे, गला नाय रडला पायजे!” धवलारणीनं रडायचं नाही, हा तिचा पहिला नियम. नवरी रडते, आई रडते, सगळा मांडव रडतो, तिनं मात्र डोळे कोरडे ठेवायचे. दुसरा नियम, धवला अर्धा सोडायचा नाही. एकदा नवरीचं, आईबापाचं, कुळाचं नाव घेतलं की घर जळो नाहीतर मांडव उडो, शेवटपर्यंत गायचं. अर्धा सोडला तर लग्न अर्धं राहतं, पुरा झाला तर लग्न लागलं. मग ब्रह्मदेव आला तरी ते मोडत नाही.

आय सांगते, आत्या चौदा वर्षांची असताना चौलच्या जत्रेत नाटकवाल्यांच्या तंबूत गायली होती. त्यांचा मालक आजोबांकडे आला होता, पोरगी द्या म्हणून. आजोबांनी आठ दिवसांत तिचं लग्न लावून टाकलं. आत्याला याबद्दल विचारलं तर म्हणते, “तंबूला भोका होती.” झालं, एवढंच. जुन्या माणसांना काही विचारण्यात अर्थ नाही.

२५ मार्च, बुधवार. धुळवड

दिनानाथनं रंग लावला आणि हळूच हातात रिबीन कोंबली. निळी. मुलगा वाईट नाही. हसला की गालाला खळी पडते. मी त्याला सहज विचारलं, “लग्नानंतर मी गायला जाऊ ना आत्याबरोबर?” तो म्हणाला, “कशाला? आमच्या घरच्या बायका दुसऱ्याचे मांडवान नाय जात.” आणि पुन्हा हसला. खळी पडली, पण मला या वेळी ती आवडली नाही.

रिबीन ठेवलीय. फेकून द्यावी असंही वाटत नाही. माझं मलाच कळत नाही मला काय हवंय ते.

५ एप्रिल, रविवार

ऐकावं ते नवलच! किहीमला सिनेमावाले आलेत. नारळीच्या बागेत बंगला घेतलाय, एस.टी.च्या टपावरून पेट्याच पेट्या उतरवल्या. त्यांच्या सिनेमात आगऱ्यांचं लग्न आहे, म्हणून धवलारीण पाहिजे. त्यांचा माणूस चांगदेव काल आमच्या पडवीत येऊन बसला, आत्यानं पहिल्या झटक्यात नाही सांगितलं. “खोट्या लग्नान खरा धवला? थू!” चांगदेवनं हात जोडले, म्हणाला, मावशी, तुम्ही फक्त सुरुवात करा, आम्ही ‘कट’ म्हटलं की थांबा, अर्धाच लागेल. आत्या माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, “पोरीला मागे घेयीन मी. मना एकटीला दम नाय पुरत.”

दम पुरत नाही! पहाटेपासून संध्याकाळपर्यंत गाते ही बाई. बाबा कुरकुरले, तर आत्यानं त्यांना, “बाला, मी हाय ना बरोबर,” एवढंच सांगितलं.

११ एप्रिल, शनिवार

काय लिहू आणि किती लिहू! जी नटी नवरी होणार होती तिला रेवसच्या लाँचमध्ये असं काही मळमळलं की ती उतरली तशी परत गेली. चार दिवस डायरेक्टर डोकं धरून बसले होते. काल मी चांगदेवची नक्कल करत होते, त्याची ती कानावर पेन्सिल आणि सारखं “चला चला चला”, आणि मागे डायरेक्टर उभे. माझं नशीबच असं, नक्कल केली की मागे कोणीतरी उभं. पण ते म्हणाले, “हिला शालू नेसवा.”

म्हणून मी नवरी. एका दिवसापुरती. आत्याला वाटलं होतं तसं मागे बसणं राहिलंच, पण ती “बरा” म्हणाली.

नवरीच्या आईचं काम मनुबाई करतात. साठीच्या, नाटकात चाळीस वर्षं काढलेल्या, तपकीर ओढतात आणि शिव्या देतात. त्यांनी मला एका खोलीत घेतलं, समोर एक तिपाई ठेवली. नायक मुंबईला दुसऱ्या सिनेमात अडकलाय, त्याचं नंतर वेगळं काढतील. तोवर तिपाईवर त्याचं पागोटं ठेवायचं आणि तोच नवरा समजायचा. मनुबाई म्हणाल्या, “बघ त्याच्याकडे.” मी बघितलं. “ही तिपाई आहे.” “हो.” “मग मेले, मला तिपाई दिसतेय. मला नवरा दिसू दे.” दोन तास! शेवटी मी दिनानाथला तिथं बसवला, मनात. मनुबाई म्हणाल्या, “आता ठीक. पण हा नवरा तुला आवडत नाही वाटतं.”

मी तिथून पाणी प्यायच्या निमित्तानं उठले.

१४ एप्रिल, मंगळवार

आज मांडवात तालीम झाली. आत्यानं धवला उचलला आणि सगळे सिनेमावाले हातातलं काम सोडून वळले. नवरीचं नाव यायच्या आत डायरेक्टर “कट” म्हणाले, आत्या तिथंच थांबली. पुन्हा घेतलं, पुन्हा कट, पुन्हा थांबली. असं चार वेळा. चौथ्या वेळेला तर अर्ध्या शब्दावर तोंड मिटलं. डायरेक्टर म्हणाले, “बाई जन्मभर सिनेमात असल्यासारख्या आहेत.” आत्या मिशीतल्या मिशीत हसली (तिला थोडी मिशी आहे).

मला मात्र रडू येत नाही. नवरीनं अक्षता पडताना रडायचं आहे. पाच वर्षं आत्यानं रडू नको शिकवलं, आता मनुबाई रड म्हणतात. डोळे ताणले, कांदा लावला, काही नाही. मनुबाईंनी तपकिरीची डबी बंद केली आणि म्हणाल्या, “तुझ्यात काहीतरी आहे, पण कुलूप आहे. माझ्याकडे मुंबईला राहा सहा महिने, मी काढते ते कुलूप. नाटकाचं शिक, बोलायचं शिक, मग सिनेमा.” मी सांगितलं, माझं लग्न आहे दहा मेला. त्या म्हणाल्या, “मग विषय संपला. नवरीला नेणारी मी कोण?”

आत्या उंबऱ्यात बसून सुपारी कातरत होती. तिनं मान वर केली नाही.

विषय संपला म्हणे.

१६ एप्रिल, गुरुवार

सगळं सरळ लिहून काढते.

खारवाडीतल्या बायका बघायला आल्या होत्या. पाच सवाशिणी अक्षता टाकायला म्हणून डायरेक्टरनीच त्यांच्यातून घेतल्या. दिनानाथची आईही त्यांत होती, हौसेनं. मी शालू, मुंडावळ्या, हळद. समोर अंतरपाट, त्याच्यापलीकडे तिपाईवर पागोटं. कॅमेरा चालू झाला. आत्यानं धवला उचलला. गणपती झाला, गावदेवी झाली. “कट,” डायरेक्टर म्हणाले.

आत्या थांबली नाही.

माझं नाव घेतलं. ठमी. सिनेमातलं नाव गोदा होतं, पण तिनं ठमी म्हटलं. बाळाजीची लेक म्हटलं, आयचं नाव घेतलं, कुळ घेतलं. चांगदेव हात हलवतोय, “मावशी, कट! कट!”, आणि ती डोळे मिटून गातेच आहे. डायरेक्टर एकाएकी ओरडले, “बंद करू नका, चालू द्या कॅमेरा!” मी पागोट्याकडे बघत होते आणि माझ्या डोक्यात एकच, आत्या थांब, अगं थांब, पुरा होईल. आणि मला रडू फुटलं. असं फुटलं की थांबेना. सवाशिणींना सवय, अक्षतांची ओळ आली तशा त्यांनी अक्षता टाकल्या. दिनानाथच्या आईनंही टाकल्या. अंतरपाट खाली गेला. तिपाईवरच्या पागोट्यावर तांदूळच तांदूळ.

मग दिनानाथची आई किंचाळली, “अगो राही, ह्यो पुरा झाला ना!”

डायरेक्टर मला शाबासकी देत होते. मला काही ऐकू येत नव्हतं.

१७ एप्रिल

आत्याशी बोलत नाही. म्हातारपण आलं दुसरं काय. गायला लागली की भान राहत नाही तिला. माझ्या जन्माचं वाटोळं केलं आणि वर मला विचारते, “जेवलीस?”

२० एप्रिल, सोमवार

पंच देवळात बसले. मी आणि आय बाहेर. हसावं की रडावं ते कळेना. एक म्हणतो, नवराच नव्हता तर लग्न कसं? दुसरा म्हणतो, नवरीचं नाव घेतलं, कूळ घेतलं, पाच सवाशिणींच्या अक्षता पडल्या, धवला पुरा. नवरी लागली. कोणाशी लागली हा प्रश्न वेगळा. बाबा म्हणाले, मोडून टाका. तर येसाजी पंच म्हणाले, “मोराचा त नवऱ्याने सोरचिठ्ठी द्याला पायजे. तिपाय कशी देल?”

आत्याला पुढे बोलावलं. “पाठवणीचा धवला गायलीस?” “नाय. तो रायला.” “त्याच्याने काय होतं, लगीन अक्षतांला लागतं.” “व्हय,” आत्या म्हणाली, “अक्षतांलाच लागतं.” अशी शांतपणे म्हणाली की मला तिला गदागदा हलवावंसं वाटलं. जरा रड ना! चुकलं म्हण ना!

नामा उठला. म्हणाला, एकदा लागलेल्या बाईचा पुन्हा होतो तो पाट. न धवला, न हळद, काळोखात उरकायचा. माझ्या थोरल्या पोराचं पहिलं लग्न मी पाटानं लावू? दिनानाथ खांबाला टेकून उभा होता. मी त्याच्याकडे बघितलं. तिपाईला नवरा करून बघायचं शिकले होते ना, म्हटलं आता खऱ्या माणसाकडे बघू. तो पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरत राहिला.

शेवटी पंचांनी आत्याला सांगितलं, यापुढे कोणाच्या मांडवात बोलावणार नाही. चाळीस वर्षं गायलेली बाई. ती “बरा” म्हणाली आणि पदर खोचून घरी निघाली.

२ मे, शनिवार

मिठागरावर बायका मला ‘तिपाईबाय’ म्हणतात. मीही मग तीन पायांवर चालल्यासारखी नक्कल करून दाखवली. हसल्या. नंतर पाटी उचलताना मात्र पदर तोंडावर ओढून घेतला.

रिबीन परत पाठवली. त्यानं ठेवून घेतली.

शेजारच्या रंगूच्या लग्नाला परगावची धवलारीण आणली. आत्या पडवीत बसून ऐकत होती, ओठ हलत होते. मी भांडणार होते, पण त्या ओठांकडे बघितल्यावर भांडता येईना.

१० मे, रविवार. अक्षय तृतीया

आज माझं लग्न असतं. त्याऐवजी सकाळी मीठ ओढलं, दुपारी झोपले. झोप लागली! दोन महिन्यांत पहिल्यांदा गाढ झोपले आणि उठल्यावर स्वतःचीच लाज वाटली.

१६ मे, शनिवार

मनुबाईंचं कार्ड आलं. पत्ता आमचा, पण नाव ‘राहीबाई यांस’. आत्याला वाचता येत नाही, मीच वाचून दाखवलं. “तुमचा निरोप चांगदेवकडून मिळाला. विषय संपला नसेल तर मुलीला पावसाळ्यात लाँच बंद व्हायच्या आधी पाठवा. राहण्या-जेवण्याची काळजी नको, पण आळस केला तर कान उपटीन.”

“कसला निरोप?” मी विचारलं. आत्या म्हणाली, “असाच. खुशाली.” किहीमपर्यंत दीड कोस चालत कोण खुशाली कळवायला जातं? विचारलं तर म्हणे नारळ आणायचे होते.

बाबा आधी भडकले. नाटकवाल्यांत पोरगी? मग आत्या त्यांच्यासमोर बसली आणि एवढंच म्हणाली, “बाला, तिला इथं कोन करतं आता? घरान ठेवून लोनचा घालतस?” बाबा खूप वेळ बिडी नुसती बोटांत फिरवत राहिले, पेटवलीच नाही. मग आयला म्हणाले, “तिचे लुगरे धुऊन ठेव.”

मी जायला तयार आहे का? आहे. नाही. आहे. मनुबाई म्हणतात माझ्यात काहीतरी आहे. आणि नसलंच तर? तिपाईबाय मुंबईला जाऊन परत आली, असं गाव म्हणेल. म्हणू दे. इथं बांधावर उभी राहिले तर पाय आपोआप खाडीकडे वळतात, त्यांना काय करू?

२२ मे, शुक्रवार

लाँचमध्ये लिहितेय, म्हणून अक्षर असं नाचतंय.

रेवसला पोहोचलो तर ओहोटी. लाँच तासभर येणार नव्हती. बाबांनी ट्रंक ठेवली, माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि एस.टी. चुकेल म्हणत पळालेच, मागे वळले नाहीत. आत्या आणि मी धक्क्यावर बसलो. काही सुचेना म्हणून वही काढली आणि मागची पानं वाचत बसले. चौदा एप्रिलचं पान आलं. “पुन्हा कट, पुन्हा थांबली. असं चार वेळा. चौथ्या वेळेला तर अर्ध्या शब्दावर तोंड मिटलं.”

मी ते दोनदा वाचलं. माझ्याच हातचं.

“आत्या,” मी म्हटलं, “तुला त्या दिवशी कट ऐकू आला होता.”

ती सुपारी कातरत होती. “माजे कान काय भरतीने नेले?”

“मग?”

“मग काय मग! अर्धा सोरला असता त दहा मेला दिनानाथचे मांडवान तुजा पुरा गावा लागला असता मना.” अडकित्ता कमरेला खोचला. “गायला असता. मी धवलारीन, नाय कसा म्हनू? पन पुरा गायलेला मोरत नाय, ता मना म्हाईत. माजाच नाय मोरला.”

महिनाभर मी हिच्याशी नीट बोलले नव्हते. म्हातारी झालीस म्हटलं होतं, तोंडावर. तिचे पाय धरले तर म्हणते, “ऊठ, लुगरा मलेल.” मी म्हटलं, “तुला आता कोणी बोलावणार नाही गं कुठे.” ती म्हणाली, “चालीस वर्सा दुसऱ्यांच्या पोरी लावल्या. एक आपली सोरवली. बास झाला.”

मग विचारलंच, “तंबूला खरंच भोकं होती?”

“तंबूला नव्हती,” ती म्हणाली.

लाँच आली. मी चढले, ट्रंक चढली. दोर सोडला, तशी आत्या धक्क्याच्या टोकाला आली, पदर डोक्यावर घेतला आणि तिनं पाठवणीचा धवला उचलला. तो राहिलेला. भर दुपारी, हमाल, मासळीच्या पाट्या, सगळ्यांच्या मधोमध. नवरी निघाली, उंबरा ओलांडला, दार लावू नका गं, लेक वळून बघेल. माझ्या डोळ्यांना धार लागली. तिचे डोळे इथून दिसत होते, कोरडे ठणठणीत.

लाँचमधली माणसं उठून बघायला लागली. एका म्हातारीनं माझ्याकडे बघितलं, मग आजूबाजूला बघितलं आणि म्हणाली, “नवरी तू ना गो? मग नवरा कुठं हाय?”

“घरी राहिला,” मी म्हटलं. “पाय तीन आहेत त्याला, पण चालवत नाही.”

म्हातारी माझ्यापासून जरा सरकून बसली. धक्का लहान झाला, माणसं ओळखू येईनाशी झाली. आवाज अजून येत होता. इंजिनाच्या धडधडीतून कान देऊन ऐकलं, ती मधे कुठेही थांबली नाही.